अलंगच्या किनाऱ्यावर धातूंची परीक्षा

बडोद्याच्या मराठी घराला काठेवाड कधीच परका नव्हता. गायकवाडी राज्याचा अमरेली प्रांत तिकडे, ओखामंडळही तिकडेच. त्यामुळे कारकुनी, मामलेदारी किंवा शिक्षकी यांच्या निमित्ताने आपल्यांपैकी कितीतरी घरांतील आजोबा-पणजोबा त्या बाजूस राहून आलेले असतात. भावनगर शहराची जन्मकथा तर आपल्या इतिहासाशी निराळ्याच रीतीने जोडलेली आहे. १७२२-२३ च्या सुमारास कंठाजी कदम बांडे व पिलाजी गायकवाड यांच्या फौजा सिहोरवर चालून गेल्या. तेथील गोहिल राजे भावसिंहजी यांनी तो हल्ला परतवला खरा, परंतु ही जागा आता निर्धास्त नाही हे ओळखून १७२३ मध्ये त्यांनी खंबायतच्या आखाताजवळ नवी राजधानी वसवली. तेच भावनगर.

या वेळी आम्ही चौघे त्या बाजूला निघालो ते मात्र पालिताण्याच्या यात्रेला नव्हे, की समुद्राच्या हवेसाठीही नव्हे. आम्हांला जायचे होते भावनगरच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या अलंगला. जगभरची म्हातारी जहाजे जेथे अखेरचा नांगर टाकतात, ते हे गाव. आमच्यासोबत एक निवृत्त रसायन-अभियंते होते. सारी मंडळी त्यांना अण्णा म्हणतात. दुसरा त्यांचा पुतण्या. मकरपुऱ्यात त्याचा पत्र्याच्या टाक्या करण्याचा लहानसा कारखाना आहे. खरे काम त्याचेच होते. आम्ही निमित्ताला टेकलो होतो.

काम असे. एका बंदरात मोठ्या जहाजांना लागणारा माल पोचवणारी एक लहान बोट आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकावर जागतिक निर्बंध आले, तेव्हापासून कित्येक जहाजांनी धूर धुऊन सोडणारी यंत्रे बसवून घेतली. त्यांपैकी काही यंत्रांना कॉस्टिक सोड्याचे द्रावण लागते. ते बोटीतून नेण्यासाठी दोन हजार लिटरांची टाकी हवी होती. बोट अॅल्युमिनियमची, म्हणून बोटवाल्याचे म्हणणे, टाकीही अॅल्युमिनियमचीच करा, म्हणजे हलकी होईल. ते नको असेल तर अलंगच्या भंगारातून स्टेनलेसचा पत्रा आणा, म्हणजे स्वस्त पडेल. दोन्ही सूचना ऐकून अण्णा इतकेच म्हणाले, "अरे, पत्रा घेण्याआधी एकदा जहाज पाहून ये." एवढ्यावर प्रवास ठरला.

वटामण सोडून भालच्या सपाट प्रदेशात शिरले की दोन्ही बाजूंना आभाळाखेरीज काही उरत नाही. वाटेत लोथलला उतरलो. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या या हडप्पाकालीन गावातील भाजक्या विटांचे ते प्रचंड कुंड सव्वादोनशे मीटरांच्या आसपास लांब आहे. ती जहाजांची गोदी होती की पाण्याचा साठा, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण येथील माणसे समुद्रमार्गे व्यापार करीत आणि तांबे व कासे वापरीत, यात शंका नाही. समुद्र आणि धातू यांची ओळख या किनाऱ्याला अशी जुनी आहे.

पुढे भावनगर जवळ येऊ लागले, तशी मिठागरे दिसू लागली. १९५४ मध्ये स्थापन झालेली मीठ व समुद्री रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था याच शहरात आहे. मिठाच्या ढिगांकडे बोट दाखवून अण्णा पुतण्याला म्हणाले, "तुझ्या टाकीचा खरा शत्रू हा. आत काय भरायचे याचा विचार सगळे करतात. बाहेरून काय लागणार, तो कुणी करीत नाही."

हे नीट समजण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच जावे लागते. पितळेच्या भांड्यात कल्हई नसली तर ताक कळकते, हे आपल्या आज्यांना कोणत्याही रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते. लोणचे चिनी मातीच्या बरणीत मुरायचे, चिंचेची आमटी कल्हईच्या पातेल्यात शिजायची. वस्तू एकच भांडे मागते आणि भांडे एकच वस्तू सोसते, हा तो जुना धडा. रसायने वाहणाऱ्या जहाजाचे सारे शास्त्र याच धड्याचा विस्तार आहे.

त्रापजहून अलंगकडे वळले की रस्त्याच्या दुतर्फा दुकानांची रांग लागते. जहाजांतून उतरवलेले पलंग, कपाटे, काचसामान, दोरखंड, जीवरक्षक जाकिटे, शीतकपाटे, अगदी कप्तानाच्या टेबलापर्यंत सारे काही येथे विकायला मांडलेले असते. किनाऱ्यावर जाण्यास परवानगी लागते आणि छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी रीतसर परवानगी मिळवून ठेवली होती. १९८३ मध्ये येथे पहिले जहाज फोडण्यास घेतले गेले. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटीचा फरक जगातील मोठ्या फरकांपैकी गणला जातो. मोठ्या भरतीच्या वेळी जहाज स्वतःच्या यंत्रावर वेगाने किनाऱ्याकडे हाकायचे, वाळूत रुतवायचे आणि ओहोटी लागली की ते कोरड्यावर उभे. निसर्गानेच गोदी बांधून दिलेली आहे.

आम्ही पाहिले ते जहाज रसायने वाहणारे होते. त्याचा पुढचा भाग कापून नेलेला असल्याने आतील रचना एखादे फळ चिरावे तशी उघडी पडली होती. सामान्य माणसाच्या कल्पनेत तेलाचे जहाज म्हणजे एक मोठी टाकी असते. येथे तसे नव्हते. कितीतरी स्वतंत्र टाक्या, प्रत्येकीचा पंप वेगळा, नळ वेगळा. अशा जहाजाच्या एका टाकीत फॉस्फोरिक आम्ल, शेजारी खाद्य तेल आणि त्यापलीकडे मद्यार्क असा संसार एकाच फेरीत मांडलेला असतो. टाकीच्या आतल्या भिंती अगदी गुळगुळीत. आधाराच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला आणि वरच्या तक्तपोशीवर. धुताना कोपऱ्यात मागच्या मालाचा थेंबही राहू नये म्हणून मधल्या भिंती घड्या घातल्यासारख्या नागमोडी केलेल्या होत्या. त्या भिंती संध्याकाळच्या उन्हात चकाकत होत्या. बाहेरचे साधे पोलाद मात्र तांबूस होऊन पापुद्रे धरीत होते. एकाच जहाजात, एकाच खाऱ्या हवेत, दोन धातूंची दोन म्हातारपणे आम्ही शेजारीशेजारी पाहिली.

पुतण्याने विचारले, "काका, स्टेनलेसला गंज चढत नाही, तो का?"

अण्णांनी सांगितले ते असे. स्टेनलेस म्हणजे गंज न चढणारे नव्हे, गंज झटकन चढून तेथेच थांबणारे. पोलादात साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा, डोळ्यांना न दिसणारा, अत्यंत पातळ पापुद्रा धरतो. तो खरवडला तरी हवेतील प्राणवायू मिळताच पुन्हा बसतो. इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये असे पोलाद ओतले. परंतु मिठातील क्लोराइड या पापुद्र्याला जागोजाग भेदते. मग वरून पत्रा लखलखीत आणि आत सुईच्या टोकाएवढी भोके खोल जात असतात. साधा गंज दिसतो, म्हणून सावध करतो. हे खड्डे सांगून येत नाहीत.

या खड्ड्यांना अडवण्यासाठी मॉलिब्डेनम घालतात. आपल्या घरातील चांगल्या भांड्यांचे पोलाद ३०४ जातीचे, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल, मॉलिब्डेनम नाही. ३१६ जातीत ते दोन ते तीन टक्के असते, म्हणून समुद्राजवळ तीच जात घ्यावी लागते. त्याहून पुढची पायरी ड्युप्लेक्स नावाच्या मिश्रधातूची. त्याच्या २२०५ या प्रकारात सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम आणि थोडा नत्रवायू असतो. अभियंते एक सोपा हिशेब मांडतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नत्रवायूची १६ पट. ३१६ चा आकडा पंचविसाच्या आसपास येतो, २२०५ चा पस्तिसाच्या. शिवाय ते पोलाद ३१६ पेक्षा जवळजवळ दुप्पट ताकदीचे, त्यामुळे पत्रा पातळ चालतो आणि जहाजाचे वजन वाचते. १९९० नंतरच्या काळात रसायनवाहू जहाजांत ते मोठ्या प्रमाणावर वापरात आले, त्याचे कारण हेच.

"मग सगळ्यांत भारी तेच घेतले की झाले," असे आमच्यातील एकाच्या तोंडून निघाले. अण्णांनी मान हलवली. भारी धातूही प्रत्येकाचे ऐकत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे यांतले कोणतेच स्टेनलेस टिकत नाही. त्यासाठी पोलादाच्या आत रबराचे अस्तर द्यावे लागते. ९८ टक्क्यांचे गंधकाम्ल साध्या पोलादाच्या टाकीत निमूटपणे राहते, पण त्यात पाणी शिरून ते पातळ झाले की तेच पोलाद खाऊ लागते आणि हायड्रोजन सोडते. म्हणजे तीव्र आम्ल निरुपद्रवी आणि सौम्य आम्ल घातक, असा उलटा न्याय. तीव्र नत्राम्ल अॅल्युमिनियम सोसते. आणि कॉस्टिक सोडा? त्याला साधे पोलाद चालते, स्टेनलेस चालते. पण अॅल्युमिनियम तो अक्षरशः विरघळवतो. विरघळताना उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू सुटतो.

हे ऐकून पुतण्या गप्प झाला. बंद टाकी, आतून पातळ होणारा पत्रा, वर साठत जाणारा ज्वालाग्राही वायू आणि बोटीवर चार माणसे. बोटवाल्याची 'हलकी' सूचना मान्य झाली असती तर काय घडले असते, याचे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. त्यातही हलकेपणाचा हिशेब अपुराच होता. पन्नास टक्क्यांचे कॉस्टिक द्रावण पाण्याच्या दीडपट जड असते. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन नव्हे, तीन टन. लहान बोटीत असे तीन टन हिंदकळू लागले तर बोट कलते. म्हणून टाकीत आडव्या भिंती हव्यात, आणि टाकी शक्य तितकी खाली बसवायला हवी.

ज्या कामगारांनी ते जहाज कापले होते, ते ओडिशा, झारखंड, बिहार व उत्तर प्रदेश या भागांतले. जहाज कापण्यापूर्वी त्यातील प्रत्येक टाकी वायुरहित असल्याची खात्री करून घ्यावी लागते, कारण कापणीच्या ज्योतीला उरलेसुरले थोडे वाफारेही पुरतात. जून २०१४ मध्ये येथेच एका टँकरवर झालेल्या स्फोटात पाच कामगारांचे प्राण गेले. त्यानंतर २०१९ मध्ये जहाज पुनर्वापराचा भारतीय कायदा झाला आणि २६ जून २०२५ पासून हाँगकाँगचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आला. आम्ही पाहिलेल्या जागेवर फरशी केलेली जमीन, सांडपाण्याची गटारे, शिरस्त्राणे हे सारे होते. तरीही पन्नास फूट उंचीवरून सुटणाऱ्या पोलादी तुकड्याखाली माणसाचे आयुष्य किती नाजूक असते, ते तेथे उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

मग आम्ही पत्र्याच्या वखारीत गेलो. रसायनवाहू जहाजाच्या भंगाराला चांगला भाव येतो, तो त्यातील निकेल व मॉलिब्डेनममुळे. शेठने एका पत्र्याला लोहचुंबक लावून दाखवला आणि समाधानाने म्हणाला, "साहेब, लोहचुंबक चोंटतुं नथी, जुओ ने!" चुंबक चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल, ही बाजारातील सर्वमान्य परीक्षा. अण्णांनी शेजारचा दुसरा पत्रा दाखवला. त्याला चुंबक घट्ट चिकटला. "हा तर हलका," शेठ म्हणाला. तो पत्रा टाकीच्या भिंतीतला होता आणि अण्णांना ड्युप्लेक्स असल्याचा संशय होता; ड्युप्लेक्सला चुंबक चिकटतोच. क्ष-किरणांनी मिश्रधातू ओळखणारे हातातले यंत्र वखारीतच होते. ते लावताच क्रोमियम बावीस आणि मॉलिब्डेनम तीनच्या घरात निघाले. पहिला, चुंबक न चिकटणारा पत्रा मॉलिब्डेनमरहित ३०४ निघाला. शेठ दिलदार, तो मोकळेपणाने हसला.

आमच्या वाचक भगिनींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. निकेल वाचवून मँगनीज घातलेले दोनशे क्रमांकाच्या मालिकेतील स्टेनलेसही आपल्या बाजारात पुष्कळ असते. त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण मीठ-आंबटापुढे ते ३०४ ची बरोबरी करीत नाही. तेव्हा भांडे घेताना चुंबकापेक्षा त्यावर ठोकलेला क्रमांक आणि दुकानदाराची पावती यांवर अधिक विसंबावे.

पुतण्याचे मन त्या स्वस्त पत्र्यात गुंतले होते. अण्णांनी त्याला थांबवले. यंत्र क्रोमियम सांगते, निकेल सांगते. पण कार्बन किती, हे सांगू शकत नाही. वेल्डिंगच्या टाकीला कमी कार्बनची, ३१६ एल जात लागते, नाहीतर जोडाच्या कडेला क्रोमियम कार्बनशी बांधले जाऊन तेथेच पत्रा कमजोर होतो. शिवाय वीस-पंचवीस वर्षे कोणकोणते माल या पत्र्याने सोसले, कोठे सूक्ष्म खड्डे पडले, हे कोण सांगणार? "वितळवून नवे पोलाद करायला हा माल उत्तम," ते म्हणाले, "पण माणसांच्या पायाखाली बसणाऱ्या टाकीला कागद हवा. कारखान्याचे परीक्षण-पत्र असलेला नवा पत्रा घे. नफा कमी होईल, तो होऊ दे."

रात्री भावनगरच्या मुक्कामात कागद घेऊन बेत आखला गेला. पत्रा ३१६ एल, आतल्या मालासाठी नव्हे, बाहेरच्या खाऱ्या वाऱ्यासाठी. पितळी तोट्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेले नळ मुळीच नकोत, कारण जस्तही कॉस्टिकमध्ये विरघळते; तोट्याही स्टेनलेसच्या. जोडावर उमटलेला निळा-तपकिरी डाग आम्लाच्या लेपाने काढून टाकायचा. तो शोभेसाठी नव्हे, त्या डागाखाली संरक्षक पापुद्रा दुबळा असतो म्हणून. साध्या लोखंडाचा ब्रश त्या पत्र्यास लावायचा नाही. तळाला उतार आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची तोटी. टाकीखाली पाणी साचेल अशी फट ठेवायची नाही.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड होता: अॅल्युमिनियमच्या बोटीत स्टेनलेसची टाकी बसवायची कशी? खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांना टेकले की विजेचा घट तयार होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजतो. येथे दुबळे अॅल्युमिनियम, म्हणजे प्रत्यक्ष बोटच. अण्णांनी ब्रिटिश नौदलाच्या 'अलार्म' या युद्धनौकेची हकिगत सांगितली. १७६१ मध्ये तिच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे खाऊन गेलेले. मात्र जेथे पत्र्याभोवतीचा तपकिरी कागद चुकून तसाच राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. तांबे आणि लोखंड यांच्यामध्ये एक कागद राहिला, आणि तेवढ्याने लोखंड वाचले. पुढे १८२४ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी तांब्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडून झीज त्या तुकड्यांवर वळवण्याची युक्ती सुचवली. आजही जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात, त्या याच तत्त्वावर. आमच्या टाकीसाठी जाड रबराच्या बैठका आणि बोल्टांना अवाहक बुडख्या, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी परतताना सिहोरला थांबलो. ज्या गावावर एकेकाळी गायकवाडांच्या घोड्यांच्या टापा पडल्या, तेथे आज तांब्या-पितळेची भांडी घडतात आणि अलंगचे पोलाद तापवून सळया लाटणाऱ्या गिरण्याही या परिसरात आहेत. सुप्रसिद्ध सिहोरी लोट्यांपैकी दोन आम्ही घेतले. अण्णांनी एक आतून कल्हई केलेला मागून घेतला.

महिन्याभरात टाकी तयार झाली. बोटवाल्याला अॅल्युमिनियम का नको, हे पुतण्याने काचेच्या पेल्यात पत्र्याचा तुकडा आणि कॉस्टिकचे थोडे द्रावण घालून, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे चढवून, दुरून दाखवले. बुडबुडे सुरू झाले तसे बोटवाल्याने हिशेबाचा कागद पुढे ओढला आणि वाढीव रकमेवर सही केली. टाकीत प्रथम गोडे पाणी भरून जोड तपासले, पाणी काढून टाकून ती कोरडी केली, आणि झाकणाजवळ एक पाटी बसवली. तीवर मालाचे नाव, त्याचे वजन आणि 'यात दुसरे काहीही भरू नये' ही सूचना मराठी, गुजराती व हिंदी या तिन्ही भाषांत कोरलेली आहे. ती बोट आता चालू आहे आणि तिच्यावर चार माणसे काम करतात.